नदीला फुटामागे दोन इंच ढाळ

कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि लेक आरशासमोरून हलायला तयार नव्हती, तेवढ्यात दार वाजलं. समोर शेजारचे प्लंबरकाका. नाकाला निळा रंग, अंगाला टर्पेंटाइनचा वास.

"वहिनी, जरा बोटीत बसता का?"

"बसते," मी म्हटलं, "गॅस तेवढा बंद करू दे."

काकांना मी सोळा वर्षं ओळखते. नळाच्या नुसत्या आवाजावरून आतला वायसर गेलाय की नाही, ते सांगणारा माणूस. काकूंना मात्र त्यांनी लग्न झाल्यापासून एकच गोष्ट कबूल केली होती: एकदा तुला नदीवर नेईन, बोटीत बसवीन. दर वेळी निघायच्या वेळेला कुणाची तरी टाकी फुटली. आता काकूंना आपला जिना उतरायलाच पंधरा मिनिटं लागतात. गेल्या महिन्यात लेकीकडे जाताना, पिशवी उचलता उचलता त्या सहज म्हणाल्या, "राहिलीच की हो आपली नदी."

काकांना ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तैलचित्रांच्या वर्गात नाव घातलं. नदी काढायची, बोटीत दोघांना बसवायचं आणि काकू रविवारी परत येतील तेव्हा भिंतीवर टांगायचं. आज शुक्रवार होता.

वर्गातल्या मॅडम त्यांच्या लेकीपेक्षा लहान. त्यांनी नमुना दिला होता: कलती संध्याकाळ, पाण्यावर वाकलेली झाडं, धुकं. "रोमँटिक वाटायला हवं हं, काका." काकांनी पहिल्यांदा धुकं पुसून टाकलं. ओल आलेली त्यांना कुठेच बघवत नाही.

मी त्यांच्या खोलीत काकूंच्या जागी पालथ्या बादलीवर बसले, एक हात पाण्यात सोडल्यासारखा फरशीकडे लोंबकळत. समोरच्या कॅनव्हासकडे लक्ष गेलं आणि बादलीच डुगडुगली. नदी डाव्या कोपऱ्यातून निघून थेट उजव्या कोपऱ्यात कोसळत होती. बोटीचं नाक खाली. काकूंनी काकांची मान घट्ट धरलेली.

"काका, ही नदी घसरतेय."

"ढाळ दिलाय. फुटाला पाव इंच पुरतो, पण एवढी मोठी नदी, म्हणून दोन दिले."

"मॅडम काही बोलल्या नाहीत?"

"बोलल्या ना. नदी आडवी दाखवा म्हणे! मी म्हटलं, बाई, आडवं पाणी तुंबतं. डास होतात."

एवढ्यात हे दारात. "हिला बादलीवर का बसवलंय?"

"मी बोटीत आहे. मोजा दोरीवर बघा," मी म्हटलं आणि काकांकडे वळले. "अहो, इतकी वर्षं काकूंनी वाट बघितली, ती काय बुडायला?"

काकांनी चित्रातल्या काकूंकडे बघितलं. मग हत्यारांच्या पिशवीतून पत्रा काढून त्यांनी सगळी नदी खरवडली. लेव्हलपट्टी कॅनव्हासला लावली, बुडबुडा बरोबर मध्ये आणला आणि पलीकडचा काठ आखला. दुपारपर्यंत पाणी सपाट झालं. काकूंचं नाक थोडं तोटीसारखं आलं होतं, पण मान सोडून त्या आता नीट टेकून बसल्या होत्या. आणि तो एक हात, खरंच, पाण्यात होता.

"रविवारपर्यंत वाळेल का हो?" मी विचारलं.

"नाही वाळणार. नदीच आहे, ओली चालेल." काकांनी चिंधीला हात पुसले, पुन्हा पुसले. "वहिनी, एक काम कराल? ती चित्र बघेल तेव्हा तुम्ही इथे थांबा. पण हसू नका. तुम्ही हसलात की तिलाही हसू येतं."