लांबून घेतलेली अलाबला

विजयमालाकाकू आमच्या शेजारच्या. माणसाला हात लावल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. कुणी आलं की त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवायच्या आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून अलाबला घ्यायच्या. दहाही वाजायची. त्यांच्या लेकीचं, रोहिणीचं, एक वाजेल तर शपथ! "माया कमी हाय हिची," म्हणून काकू तिला चिडवायच्या.

त्या उन्हाळ्यात काकूंचे दीर बजरंग तापाने फणफणले, काहीबाही बरळू लागले. काकू उशाशी बसल्या. पदराने त्यांची लाळ पुसायची, त्याच पदराने आपला घाम. बजरंग गेले, आणि तपासणीत निपाह निघाला.

गाव वटवाघळांवर उठलं. पारनेरहून आलेल्या डॉक्टरीणबाई घसा कोरडा करून सांगत होत्या, "वटवाघळाकडून एकदा आला असेल. आता तो आजाऱ्याच्या लाळेतून, खोकल्यातून जवळच्या माणसाला होतोय." ऐकतो कोण! वटवाघळं हुसकायला चिंचेखाली थाळ्या बडवून दमलेले आमचे शहाणे घरी येऊन एकाच तांब्याला तोंड लावत होते. मला अजून संताप येतो.

काकूंनी मात्र ऐकलं. मळ्यातल्या खोलीत एकट्या जाऊन राहिल्या. मी बांधावर डबा ठेवून मागे सरायची. संध्याकाळी आभाळ जांभळं व्हायचं, वटवाघळं संथपणे डोक्यावरून जायची आणि काकू दारात बसून बघत राहायच्या. "लई शांत उडत्यात गं," एकदा म्हणाल्या. मला ते दिवस झोपेत पाहिल्यासारखे आठवतात.

मग सोनईहून रोहिणी आली, तान्ह्या राजनंदिनीला घेऊन. काकूंनी नात अजून पाहिली नव्हती. रोहिणी बांध ओलांडू लागली तशा काकू ओरडल्या, "थांब तितंच! पुडं आलीस तर माझी शपथ हाय!"

रोहिणी रडत थांबली. काकूंनी हात हवेत उचलले, तिथे नसलेल्या इवल्या गालांवरून हळूच फिरवले आणि बोटं मोडली. आवाज बांधापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी काकूंना ताप भरला. दवाखान्याच्या गाडीतून गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

सरणाजवळ फक्त पांढऱ्या पोशाखातली माणसं होती. आम्ही सगळे लांब. राजनंदिनी माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती, तिला काहीही झालं नव्हतं. रोहिणीने हात उचलले, आईच्या तोंडावरून फिरवावेत तसे हवेतच फिरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. दहाही वाजली.