कमलवहिनींचे उरलेले सहा शुक्रवार

आमच्या लूमच्या खात्यात तोंडाला काही काम नसतं. शंभर माग एकदम धडधडत असले की आभाळ कोसळल्याची बातमीसुद्धा हातवारे करूनच द्यावी लागते. त्या शुक्रवारी सकाळी शेजारच्या मागावरच्या भिकानं माझा खांदा हलवला. आधी छातीवर मूठ ठेवून त्यानं खोकल्याचा आव आणला. म्हणजे हिलालभाऊ; तसा खोकणारा आमच्या सगळ्या वस्तीत तो एकच. मग भिकानं तळहात आडवा धरला आणि उलटा केला. पुढचं बघायला मी थांबलोच नाही. सुरतेच्या लिंबायतहून नवागामपर्यंत असा धावलो, की वाटेत तीन रिक्षा मागे टाकल्या. एक बंद पडलेली होती, ते सोडा. हिलालच्या गल्लीत पोचेपर्यंत मनातल्या मनात त्याला खांदाही देऊन झाला होता. दारात पाहतो तर आत गोधडीवर कमलवहिनी निजलेल्या, आणि बायका त्यांच्या कपाळाला मळवट भरत होत्या. मी पाठ फिरवल्यावर भिकानं कपाळाला बोट लावून कुंकू, म्हणजे हिलालची बायको, दाखवलं होतं, म्हणे. मी अर्धीच बातमी घेऊन पळालो होतो...

याला आता सव्वा महिना झाला. वस्तीत मला सगळे थापाड्या नाना म्हणतात, आणि ते खरं आहे. आमच्या शेठचा माग इतका वेगात चालतो, की नंदुरबारला उघडा गाडीत बसलेला माणूस सुरतेला उतरेपर्यंत त्याची लुंगी विणून तयार असते, हे मी आईची शपथ घेऊन चारचौघांत सांगितलेलं आहे. तेव्हा वहिनी तोंडात पदर कोंबून हसल्या होत्या. "भाऊ, तुम्हनं तोंड शे का मिलना भोंगा?" घरात त्या अहिराणीच बोलायच्या. सुरतेत बारा वर्षं काढली, पण गुजरातीतले दोनच शब्द उचलले, एक भाजीवाल्यासाठी आणि एक भांडणासाठी. अंगानं अशा बारीक, की वाऱ्यावर वाळत घातलेलं लुगडं आणि वहिनी शेजारी उभ्या केल्या तर आधी लुगड्याला रामराम घालावा.

हिलाल पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला. कापड रंगवायच्या हौदात ॲसिड सोडायचं काम त्याच्याकडे. त्या ॲसिडचा वास तुम्ही कधी घेतला नसेल तर सांगतो. शंभर वर्षांचं लोणचं नाकात भरल्यासारखा तो आंबट वास असतो. त्या वाफेनं त्याची छाती धरली. रात्रंदिवस खोकला. औषधं झाली, काढे झाले, शेवटी वहिनींनी संतोषी मातेचे सोळा शुक्रवार बोलले. नवऱ्याचा खोकला जाऊ दे, एवढंच मागणं. शुक्रवारी दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही, संध्याकाळी कहाणी वाचून चणे आणि गूळ. आंबटाला हात लावायचा नाही, घरातही ठेवायचं नाही. गुरुवारी संध्याकाळीच चिंच, लिंबू, ताक अशी सगळी मंडळी शेजारणीकडे मुक्कामाला जायची.

अकरावा शुक्रवार होता. मी प्रसादाला गेलो होतो, दारात पाच-सहा माणसं बसलेली. हिलाल नुकताच मिलमधून येऊन भिंतीला टेकला होता, आणि खोलीत तो वास. माणसं जमली की माझ्या जिभेला खाज सुटते. मी म्हणालो, "वहिनी, ती बोटभर चिंच तुम्ही शेजारी पाठवता, आणि हे साडेपाच फुटी चिंचेचं झाड घरात घेता, त्याचं काय?" सगळे हसले. हसले म्हटल्यावर मी आणखी चढलो. पलसाण्याला एक बाई होती म्हणालो, तिचाही नवरा ॲसिडवर. शुक्रवारी तसाच घरात घेतला. पंधरा शुक्रवार फुकट गेले, देवळातल्या पुजाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. ही बाई मी त्याच क्षणी जन्माला घातली होती. पुजाऱ्याला तर दाढीही लावली. हसून हसून एकाला ठसका लागला. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हातातली चण्यांची वाटी खाली ठेवली, आणि हिलालच्या सदऱ्याकडे बघत राहिल्या...

पुढच्या शुक्रवारी दाराबाहेर दोन विटा मांडलेल्या, शेजारी गरम पाण्याची बादली. हिलालनं बाहेरच अंग धुवायचं, कपडे बदलायचे, मग उंबरा ओलांडायचा. आणि तो शुक्रवार बारावा नव्हता, पहिला होता. गल्लीला काही दिवस करमणूक झाली, मलाही झाली. खोटं कशाला बोलू? आपली एक थाप कुणाच्या दारात विटा होऊन बसली, याचा मला तेव्हा थोडा अभिमानच वाटला होता. दुसऱ्या खेपेला नवव्या शुक्रवारी हिलाल तापानं फणफणून आला, आणि वहिनी पाणी भरायला गेलेल्या असताना तसाच आत जाऊन झोपला. त्यांनी त्याला उठवलं नाही, रागावल्याही नाहीत. त्याच्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तिसऱ्या खेपेला सातव्या शुक्रवारच्या आसपास त्यांना जिना चढवेना. डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, हृदय लहानपणापासून अधू आहे, रक्त अगदी कमी आहे, उपास ताबडतोब बंद. ते ऐकलं आणि मी जेवणाच्या ताटावरून उठून नवागामला गेलो. वहिनी सुपात चणे निवडत होत्या. मी बसलोसुद्धा नाही. "वहिनी, ते ॲसिडचं मी रचलं होतं. ती बाई नाही, पुजारी नाही, काही नाही. तुमचे सोळा कधीच पुरे झालेत."

त्यांनी वर पाहिलं आणि हसल्या. "डॉक्टरनी धाडं ना तुम्हले? मी उपास सोडाले पाहिजे म्हणीसन आते खोटं बोली राह्यनात."

"आईची शपथ, वहिनी!"

"त्या लुंगीना टाइमले बी तुम्ही हाईच माय काढी व्हती." मग सूप बाजूला ठेवून, लहान पोराला समजवावं तशा म्हणाल्या, "इतला वरीसमा एकच गोट खरी सांगी तुम्ही, भाऊ. तीबी परत लेतस?"

मी पाया पडलो, रडलो. रडणंही मला चांगलं जमतं, हे त्यांना माहीत होतं.

अकराव्या शुक्रवारी सकाळी नळावरून हंडा घेऊन येताना त्या पडल्या. डॉक्टर नंतर मला म्हणाला, हृदयच तसं होतं, कधी तरी हे होणारच होतं. भला माणूस आहे. मी त्याच्याकडे फार वेळ पाहिलं नाही.

पलसाण्याहून हिलाल आला तो मिलच्या कपड्यांतच, आणि दारापाशी थांबला. आतून बायका रडून हाका मारताहेत, भाऊ आत या, आत या, आणि हा बाहेर उभा. "आज शुक्रवार शे," म्हणाला. "आंग धुवानं शे." कुणीतरी गार पाण्याची बादली आणली. त्यानं विटांवर बसून अंगावर पाणी घेतलं, कपडे बदलले, आणि मग वहिनींकडे गेला. मी भिंतीकडे तोंड केलं होतं...

गेल्या शुक्रवारी मी मन घट्ट करून त्याच्याकडे गेलो. तोही नुकताच कामावरून आला होता, त्या कपड्यांत दारातच बसला होता. म्हणाला, दिवसभर काही खाल्लं नाही, तिचे सहा राहिलेत, ते करतोय. ते सहा ऐकून मला राहवलं नाही. एका दमात सगळं सांगून टाकलं, बाई, पुजारी, दाढी. दाढी कशाला सांगितली देव जाणे.

तो खोकला. खोकून झाल्यावर म्हणाला, "माले माहीत व्हतं, नान्या."

"कधीपासून?"

"पहिला दिनपासून. बारा वरीस मी पलसाणाले जास. तठे कोनती बाई अन् कोनता पुजारी?"

"मग बोलला का नाहीस? तुझं तर त्यांनी ऐकलं असतं!"

समोर बघत तो म्हणाला, "दर शुक्रवारले ती ऊन पाणी तापाडी ठेवे. मन्हा आंगवर टाके. पाठ घसी दे..." वहिनींनी ज्या दोन माणसांवर विश्वास ठेवला, ते आम्ही दोघं तिथं बसलो होतो. एकानं खोटं सांगितलं होतं, दुसऱ्यानं खरं ठेवून घेतलं होतं.

जरा वेळानं तो उठला, सदरा काढला आणि विटांवर जाऊन बसला. तांब्या माझ्याकडे केला. मी पाणी ओतलं. एक तांब्या, दोन, पाच. अर्धं बाहेरच सांडलं. त्याच्या पाठीची हाडं मोजता येत होती.

"वास येस का अजून?" त्यानं विचारलं.

मी वाकलो. आंबट वास येत होता. कातडीच्या आतूनच येत होता, तो धुऊन जाणारा नव्हता. दुसऱ्या कुणा दिवशी मी नाही म्हणालो असतो, वर मोगऱ्याचा येतो म्हणून शपथही घेतली असती.

"येतो," मी म्हणालो.

"मंग वत," तो म्हणाला आणि मान खाली घातली.