आचारी उठला की कलणारी बोट

गस्तीच्या त्या पाच बोटी म्हणजे एकाच नकाशावरून बांधलेल्या पाच सख्ख्या बहिणी, आणि पाचही जणी डावीकडे कललेल्या. नकाशा काढणाऱ्या महाशयांनी जनरेटर, पाण्याची टाकी, नांगराची साखळी असं सगळं जडजंबाल डाव्या अंगाला मांडलं होतं. उजवीकडे काय, तर स्वयंपाकघर. पहिली बोट पाण्यात उतरली आणि तिथल्या तिथे कलली, तेव्हा महाशय म्हणाले, "वाऱ्यामुळे असेल." वारा पडला, बोट काही सरळ होईना. तोवर बाकीच्या चौघींचे सांगाडे उभे राहिले होते, आणि सरकारी काम एकदा चुकीचं सुरू झालं की मग ते चुकीचंच, पण अगदी नेटाने पार पाडतात.

पराक्रम म्हणाल, तर थोरलीने एकदा चोरटा माल नेणारी होडी पकडली. खरं तर ती होडीच धुक्यात येऊन हिच्यावर आदळली, पण शाबासकी मिळाली ती मिळाली. दुसरीचं पुढे तरंगतं गोदाम झालं. तिसरी वाळूत रुतली ती रुतलीच. चौथीचे सुटे भाग काढून पाचवीला जगवलं. आपला आचारी या पाचवीवर, धाकटीवर होता.

आचारी अंगाने चांगला भरभक्कम. तो पहिल्यांदा बोटीवर आला, वाकून स्वयंपाकघरात शिरला, आणि कप्तानाच्या टेबलावरची पेन्सिल, जी एरवी सदा डावीकडे घरंगळायची, ती जागच्या जागी थांबली. कप्तान धावत खाली आला आणि म्हणाला, "तुम्ही इथून हलायचं नाही."

कप्तान बदलत गेले, आचारी तोच राहिला. संडास नेमका डाव्या बाजूला, त्यामुळे आचारी तिकडे गेला की अख्ख्या बोटीला कळायचं. सगळे निमूटपणे आपापले चहाचे कप धरून बसायचे. "काका परत आले," असं कोणीतरी म्हणालं की कप सोडायचे. असल्या गोष्टी माणूस घरी सांगत नाही. घरी तो एवढंच म्हणायचा, "माझ्यावाचून बोटीचं पान हलत नाही." बायकोला ती नुसती बढाई वाटायची.

बायको शिवणकाम करायची आणि अंगाने नवऱ्याला शोभेल अशीच होती. डॉक्टरांनी आचाऱ्याच्या रक्तातली साखर पाहून भुवया उंचावल्या, तशी तिने कंबर कसली. साखर बंद, लोणी बंद, बोटीवरसुद्धा घरचाच डबा. रजेवर आला की ती टेप घेऊन त्याचं पोट मोजायची आणि समाधानाने सदरे आत घ्यायची. तिला हा माणूस अजून पुष्कळ वर्षं हवा होता, आणि हे ती कोणालाही तोंडावर सांगायची.

आचारी वाळला आणि बोट कलली. नेमकी तेव्हाच तपासणी ठरली. बोट सरळ असेल तर गस्त चालू, नाहीतर थेट भंगारात; आणि आचाऱ्याची बदली किनाऱ्यावरच्या मोठ्या स्वयंपाकघरात, जिथे बटाटेसुद्धा यंत्र सोलतं. बोट का कलते ते सगळ्यांना दिसत होतं, पण आजारी माणसाला "पुन्हा जाड व्हा" असं कोणत्या तोंडाने सांगणार? आचाऱ्याने एकदा लोण्याची वडी हातात घेतलीही. बायकोचा टेप आठवला आणि परत ठेवून दिली.

तपासणीच्या दिवशी सकाळी त्याने बायकोपुढे सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे बोटीला वजन हवंय," ती म्हणाली. "ते तुमचंच हवं असं काही नाही ना?"

"नाही."

"मग चला. शिलाई मशीन उचला."

बोटीवर पोचल्यावर ती स्वयंपाकघरात स्टुलावर टेकली आणि गोल खिडकीतून बाहेर पाहत राहिली. "अहो, इथून बंदराचा धक्का दिसतो."

"दिसतो की."

"बोट सुटताना मी तिथेच उभी असायचे. सगळ्यांचे नवरे डेकवर येऊन हात करायचे, तुम्ही एकदासुद्धा आला नाहीत. मला वाटायचं, घरातून सुटलो म्हणून आनंदात असतील."

"धक्क्यावर मोठे साहेब असायचे," आचारी खाली बघत म्हणाला. "मी उठलो असतो तर बोट कलली असती. मी इथूनच हात करायचो. काचेवर वाफ धरलेली, तुला कसं दिसणार?"

"सांगायचं तरी."

"काय सांगू? मी जाड आहे म्हणून येत नाही?"

एवढ्यात कप्तान आला. दोघं आणि वर मशीन, म्हणजे बोट आता उजवीकडे झुकली होती. त्याने आचाऱ्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि धक्क्यावर नेऊन उभं केलं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट वरून खालून पाहिली. स्वयंपाकघरात डोकावले, तर बाई गणवेशाला बटण लावत बसलेल्या.

"बोटीवर शिंपीण?"

"फार गरज असते साहेब," कप्तान म्हणाला, आणि यात खोटं काहीच नव्हतं.

बोट अगदी ओळंब्यात, सरळ होती. साहेबांनी मंजुरी दिली आणि उतरून गाडीची वाट बघत धक्क्यावर उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे आचाऱ्याने दोन्ही हात वर केले आणि गोल खिडकीकडे बघून तो ते जोरजोरात हलवू लागला. काच आज स्वच्छ होती. आत बायकोच्या डोळ्यांना धार लागली होती. पण तिने हात वर केला नाही, डोळेही पुसले नाहीत. साहेबांची गाडी अजून यायची होती.