फळ्यावरची चूक

गणिताच्या बाई फळ्यावर रोज मुद्दाम एक चूक करायच्या. जो ती पकडेल त्याच्या हाती खडू देऊन बाजूला व्हायच्या. "आपण मागं सरलं की पोरं पुढं येतात गं," हे त्यांनी नव्या शिक्षिकेला पाठच्या बहिणीसारखं जवळ बसवून शिकवलं. मुख्याध्यापकपदासाठी दोघींची नावं आली, तेव्हा हीच बया समितीपुढे साळसूदपणे म्हणाली, "बाईंच्या हातून हल्ली फळ्यावर चुका होतात." असा केसानं गळा कापून तिनं खुर्ची पटकावली.

मग ती बाईंचा वर्ग तपासायला येऊन मागच्या बाकावर बसली. बाईंनी गणित बिनचूक सोडवलं. पोरं फळा धुंडाळून थकली.

"बाई, आज चूक कुठंय?"

"माझी चूक ना? ती काय, मागच्या बाकावर बसलीय."