दाभणानं शिवलेली पुस्तकं

नरहरपंतांची उभी नोकरी पांढरकवड्याला, कचेरीच्या रेकॉर्ड खोलीत गेली. सुटा कागद दिसला की हात दाभणाकडे जायचा. घरी नवं पुस्तक आलं की त्यालाही फाइलीसारखी भोकं पाडून, दोरा ओवून आवळून टाकायचे. पान एकही निसटलं नाही. फक्त पुस्तक धड उघडायचं नाही; आतल्या बाजूचे शब्द शिवणीत गडप.

आता मुलाकडे नागपूरला, दोन खोल्यांत राहायला जायचं होतं. चारशे पुस्तकं कुणा वाचणाऱ्यानं न्यावीत, एवढीच त्यांची आस. वाचनालयानं नमुन्याची पाच परत पाठवली. घेऊन आलेला पोरगा म्हणाला, "काका, दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागते. कोण वाचीन?"

"द्या रद्दीत," त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई म्हणाल्या. "आधी बांधून ठेवलीत, आता तोंड कशाला पाडता?"

शेवटी रद्दीवाल्या तुळसाबाईला बोलावलं. पूर्वी ती जिनिंगच्या कारखान्यात कापसाचे बोरे, म्हणजे शिवलेली पोती, उसवायची. कापूस बुडाला, जिनिंग बंद पडली, तेव्हापासून तराजू घेऊन फिरत होती. पुठ्ठा वेगळा काढायला तिनं पुस्तक उचललं आणि थबकली.

"बाबूजी, हे पुस्तक हाय का बोरा? शिवलं काहून असं?"

"पान गहाळ होऊ नये म्हणून."

"अन् वाचणारा गहाळ झाला, त्याचं?"

सुहासिनीबाई खो खो हसल्या. नरहरपंतांचा चेहरा मात्र एवढासा झाला. तो पाहून तुळसाबाईनं तराजू बाजूला सारला. पाठीमागची गाठ नखानं चाचपली, एकच टाका कापला आणि दोरा सर्रकन ओढला. पुस्तक ओसरीवर पसरून पडलं.

नरहरपंत वाकले. शिवणीत दडलेलं वाचता वाचता ओरडले, "अगं, कादंबरीतली ही बाई जगली की! मी वीस वर्षं मेलीच समजत होतो."

"मले रद्दी नको," तुळसाबाई म्हणाली. "आमच्या बुद्धविहारात पोरी अभ्यासाले बसतात. तिथं द्या. भोकं हायत, पन भोकातून काही सांडत नाही."

दोन दिवस नरहरपंत आणि तुळसाबाई दोघं उसवत बसली. तिसऱ्या दिवशी पहिला हातगाडा गेला. संध्याकाळी नरहरपंत विहारात डोकावले, तर तुळसाबाईची नात पालथी पडून, पुस्तक जमिनीवर पसरून, शेंगा खात वाचत होती. तिनं मान वर केली.

"बाबूजी, याचा दुसरा भाग हाय का?"

"आहे ना. उसवायचा राहिलाय," म्हणत ते घाईघाईनं घराकडे वळले.