अठरा हजार फुटांवरची बुखारी

माझी पोस्टिंग अठरा हजार फुटांवर होती. थंडी अशी, की दिलेली शिवी तोंडाबाहेर पडताच गोठायची आणि समोरच्याला ती उन्हाळ्यात ऐकू यायची. आता मी सुरतेत राहतो, इथे हे कुणाला पटत नाही. आमच्या पर्वत पाटिया भागात लोक जानेवारीतही पंखा लावतात.

चौकीत आम्ही चौघं, आणि ऊब म्हणाल तर एक बुखारी. बाहेर उंचावर केरोसिनचा जेरीकॅन, त्यातून बारीक नळी आत, शेगडीत थेंब थेंब तेल. सहाला तेलाची जाळी साफ, सातला कॅन भरणं, आठला बेसला रिपोर्ट.

एका दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी बुखारी विझली. आमचा रेडिओ ऑपरेटर सावंत दोन दिवस आजारी, छातीत घरघर. नायब सुभेदार साहेबांनी सेट उचलला.

"बेस, पेशंट सीरियस. हेली पाठवा. ओव्हर."

"नेगेटिव्ह. मौसम खराब. उद्या सकाळी. त्याला गरम ठेवा. आउट."

साहेब माझ्याकडे वळले. "ऐकलंस?"

मी कॅन हलवला, अर्धा भरलेला. जाळी धुतली. नळीत बर्फ असेल म्हणून गरम फडकी गुंडाळली. तीन थेंब पडले, पुन्हा बंद. सावंतचे ओठ निळे पडले.

लान्स नाईक भिका पाटील, धुळ्याकडचा, बाहेर जाऊन कॅन चाचपून आला. माझ्या कानाशी म्हणाला, "नाना, झाकण इतलं घट्ट कोनी लायं? कॅनमजार हवाच जात नही, तेल कसं उतरी?"

मीच लावलं होतं. आत बर्फ पडू नये म्हणून, दोन्ही हातांनी आवळून.

भिकानं झाकण दोन आटे सैल केलं, सांडलेलं तेल पुसलं, काडी लावली. तीन दहाला बुखारी धडधडू लागली.

"काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"नळीत बर्फ होता, साहेब," भिका म्हणाला. मग हळूच मला, "आते आठ दिन मना चहा तू करशी."

मी पंधरा दिवस केला. सावंतला सकाळी हेलीनं नेलं. महिन्याभरात तो परत आला.

भिका त्याच हिवाळ्यात गेला. केरोसिन वर आणताना बर्फाचा कडा कोसळला. मी आणि सावंतनं त्याला साडेचार तास खोदून काढलं.

त्याची आई इथेच सुरतेत असते, लूमवर काम करणाऱ्या धाकट्या मुलाकडे. मी गेलो की बुखारीची गोष्ट सांगायला लावते, हसते, आणि शेवटी विचारते, "मना भिकाले थंडी वाजनी व्हई का रे?"

"नाही, मावशी."

त्याच्या हातांना गोठून चिकटलेले मोजे मी कापून काढले होते.