सत्तेचाळीस नंबरची मुलगी

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी संभाजीनगरात आले, तेव्हा सुरुवातीचा दीड महिना कॉलेजात माझ्या तोंडून 'येस सर' सोडून काही निघालं असेल असं मला वाटत नाही. सोयगावकडच्या आमच्या गावातून माझ्याबरोबर कुणीच आलं नव्हतं. बारावीच्या वर्गातल्या दोघींची लग्नं ठरली होती, बाकीच्या जळगावला गेल्या. आमच्याकडून खरं तर जळगावच जवळ. पण बाबांच्या मनात हेच शहर होतं. तरुणपणी ते इथं बी.ए. करायला आले होते आणि दुसऱ्या वर्षी आजारी पडून परत गेले होते. घरात सगळ्यांना हे एवढंच माहीत होतं.

मी कॉट बेसिसवर राहायचे. खोलीत दोन कॉट, दुसरी एका ताईची. ती वाळूजला कंपनीत होती आणि तिची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. मी खोलीत असायचे तेव्हा ती झोपलेली असायची, म्हणून मी चपलासुद्धा हातात धरून आत यायचे. नळाला पाणी ज्या दिवशी यायचं त्या दिवशी मात्र आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून बादल्या, पातेली, बाटल्या, सापडेल ते भरायचो. ती म्हणायची, "तो कॅन सरकव." आमचं आठवड्याचं बोलणं तेवढंच.

वर्गात नव्वदच्या वर मुलं. बहुतेक शहरातल्याच ज्युनियर कॉलेजांतून गटागटानं आलेली. कोण कुठल्या बाकावर बसणार हे मी यायच्या आधीच ठरून गेलं होतं. मला खिडकीजवळचा, शेवटून दुसरा बाक मिळाला. त्याच्यावरचा पंखा फिरताना असा खडखडायचा की अर्धं लेक्चर ऐकूच यायचं नाही, म्हणून तिथं कुणी बसत नसे. बाकाखाली एक तांबडं कुत्रं येऊन झोपायचं. बॉटनीच्या सरांनी एकदा फळ्याकडं तोंड करून विचारलं, "समजलं का?" आणि ते कुत्रं झोपेतच भुंकलं. सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि शेजारी बघितलं. शेजारी कुणी नव्हतं. एकट्यानं हसणं किती लवकर थांबतं, ते मला तेव्हा कळलं.

सप्टेंबरात एके दिवशी मी कॉलेजच्या पार्किंगमधून आत येत होते. एका मुलीनं स्कूटी माझ्यासमोर थांबवली. स्कार्फ असा बांधलेला की नुसते डोळे दिसत होते.

"अगं सुन ना, तू बी.एस्सी. फर्स्ट इयरला आहेस ना?"

मी म्हटलं, "व्हय."

"रोज येतेस?"

"रोज."

तिनं स्कार्फ खाली ओढला. गोरा, हसरा चेहरा. तिनं भराभर सांगितलं की ती डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी दुसऱ्यांदा क्लास लावून बसलीय, इथलं ॲडमिशन नुसतं असावं म्हणून घेतलंय आणि बाकीचे सर हजेरीचं चालवून घेतात, पण बॉटनीचे सर ऐकत नाहीत. "माझी प्रॉक्सी मारशील का त्यांच्या तासाला? प्लीज. माझा रोल नंबर फॉर्टी सेव्हन."

दीड महिन्यात माझ्याकडं कुणी काही मागितलेलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. तिनं माझा फोन नंबर घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, "तू ना, एकदम स्वीट आहेस," म्हणाली आणि गेली. सगळं मिळून चार-पाच मिनिटं झाली असतील.

बॉटनीचे सर वयस्कर होते. मान खाली घालून नुसते नंबर वाचत जायचे. सत्तेचाळीसला मी नाकातून बारीक आवाज काढायचे, "येस सर." आणि माझा बासष्ट नंबर आला की माझा स्वतःचा आवाज. तास संपल्यावर तिला मेसेज टाकायचा, 'झाली.' तिकडून यायचं, 'थँक्यू डिअर' आणि पुढं लाल बदाम. त्या बदामाची मी वाट बघायला लागले. तासभर आला नाही की फोन बंद पडलाय की काय म्हणून मी तो पुन्हा पुन्हा चालू करून बघायचे.

आई रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "मैत्रिणी झाल्या का गं?" एके दिवशी मी सांगून टाकलं की झाली एक. मग पुढचं सांगावंच लागलं. तिच्या स्टेटसवर जे दिसेल ते मी आईला सांगायचे. तिनं मांजर पाळलंय, तिच्या घरी गच्चीवर गुलाब आहेत, काल आम्ही क्रांती चौकात भेळ खाल्ली. क्रांती चौकात मी खरंच गेले होते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची. 'संडेला भेटू' असं तिनं लिहिलं होतं, म्हणून मी गाडीवाल्याच्या बाजूला पाऊण तास उभी राहिले. मग तिचा मेसेज आला, 'सॉरी यार, टेस्ट लागली.' भेळ मी एकटीनंच खाल्ली. आईला सांगताना तेवढं बदललं.

दिवाळीनंतर एकदा सरांनी हजेरी घेताना मान वर केली.

"फॉर्टी सेव्हन, उभी राहा."

माझ्या नाकातल्या आवाजाचा त्यांना संशय आला होता की काय, कोण जाणे. मी उभी राहिले. दुसरं काय करणार? मी आजूबाजूला बघितलं. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मी सत्तेचाळीस नाही, हे त्या अख्ख्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

सरांनी विचारलं, "मक्याला वर तुरा असतो आणि मध्ये कणीस. नर कुठला, मादी कुठली?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारायला नको होता. मी दोन मोसम आईबरोबर बियाण्याच्या प्लॉटमध्ये मक्याचे तुरे काढायला गेलेली. मी सांगितलं, "तुरा नर, कणसाचे केसं मादी. बियाण्याला लावलेलं असलं तर मादीच्या ओळीतले तुरे फुलायच्या आधीच उपटून टाकत्यात. एक जरी राहिला तर सगळं बी बिघडतं."

'टाकत्यात'वर पुढच्या बाकांवर खसखस पिकली. सर मात्र खुर्चीतून उठले. "शाब्बास, फॉर्टी सेव्हन! पुस्तकात नसलेलं सांगितलंस."

माझे कान गरम झाले. इतकं बरं मला त्या शहरात तोपर्यंत वाटलं नव्हतं. मग सर पुढचे नंबर वाचू लागले आणि बासष्ट आला. सर माझ्याकडंच बघत होते. मी गप्प बसले. त्यांनी दोनदा विचारलं, "सिक्स्टी टू? ॲबसेंट?" आणि लाल पेनानं खूण केली.

त्या दिवसापासून तेच. सर वर्गात आले की आधी माझ्या बाकाकडं बघायचे, अवघड काही आलं की "फॉर्टी सेव्हन, तू सांग" म्हणायचे. बासष्ट रोज गैरहजर. मी तिला कळवलं की सर मलाच तू समजायला लागलेत. तिनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात ती पोट धरून हसत होती. "अरे यार, क्या बात! थोडे दिवस सांभाळून घे ना, प्लीज." मी तो आवाज सात-आठ वेळा ऐकला. तिचं हसणं माझ्यामुळं होतं, एवढ्याच कारणानं.

सरांना तेव्हाच सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर सरांची शाबासकीही गेली असती आणि तो बदामही. माझ्याकडं त्या दोनच गोष्टी होत्या.

फेब्रुवारीत नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली. बॉटनीच्या खाली बासष्ट. पालकांना घेऊन भेटल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाही, असं लिहिलेलं. मी बाबांना फोन केला आणि फक्त सही पाहिजे म्हणून सांगितलं.

बाबा पहिल्या एस.टी.नं आले. पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. पिशवीतून त्यांनी दोन पुडे काढले. "हे लाडू तुझे आन् हे तुझ्या मैत्रिणीचे. आईनं मुद्दाम येगळे बांधलेत. कुठं हाय ती? भेटू दे तरी."

"आज नाही आली," मी म्हटलं.

सरांच्या केबिनमध्ये गेलो. सर मला बघून हसले. "फॉर्टी सेव्हन! तुझी हजेरी तर पुरी आहे. तू कशाला आलीस?" बाबांना म्हणाले, "हुशार आहे हो मुलगी तुमची."

बाबांचा चेहरा फुलला. मी म्हटलं, "सर, मी फॉर्टी सेव्हन नाही. मी सिक्स्टी टू आहे."

सरांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, परत माझ्याकडं बघितलं. "मग फॉर्टी सेव्हन कोण?"

"माझी मैत्रीण."

"कुठं असते?"

"माहीत नाही, सर."

बाबा माझ्याकडं बघतायत हे मला न बघताही कळत होतं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले होते, पण त्याहून जास्त खट्टू झाले होते. "मी तुझं नाव सेमिनारला देणार होतो. म्हणजे तिचं," ते म्हणाले. "दोघींचीही हजेरी कापायला पाहिजे."

बाबा इतका वेळ उभेच होते. ते म्हणाले, "सर, चूक तिची हाय. लई मोठी चूक हाय. पण एक इचारतो. ही रोज वर्गात होती का नव्हती?"

सरांनी चष्मा उचलून परत घातला. मग म्हणाले, "होती. रोज होती."

"मंग तेवढं लिहा. जास्तीचं नका लिहू."

सरांनी माझ्याकडून सगळं खरं-खरं अर्जात लिहून घेतलं, बाबांची सही घेतली आणि मला परीक्षेला बसायची परवानगी दिली. सत्तेचाळीसची हजेरी कापली. मी बाहेर येऊन तिला मेसेज केला, खूप लांब, चार वेळा सॉरी लिहून. दहा मिनिटांनी उत्तर आलं, 'इट्स ओके. मी तसंही कॉलेज सोडतेय.' बदाम नव्हता. पुढं तिचा फोटोही दिसेनासा झाला.

बाबा आणि मी बस स्टँडपर्यंत चालत गेलो. स्टँडच्या आवारात लिंबाखाली बाकावर बसल्यावर बाबा म्हणाले, "म्हंजे भेळ खाल्ली ते?"

"मी एकटीनं खाल्ली."

"आन् मांजर?"

"फोटोत बघितलं होतं."

मला रडू आलं. बाबांनी मैत्रिणीचा पुडा सोडला, एक लाडू मला दिला, एक स्वतः घेतला. निम्मा खाऊन झाल्यावर म्हणाले, "मी आजारी नव्हतो पडलो गं माय."

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत.

"बी.ए.ला. मला काय बी झालं नव्हतं. करमत नव्हतं. हॉस्टेलात दोन-दोन दिवस कुणी बोलायचं नाय. एक दिवस पेटी उचलली आन् इथंच येऊन बसलो, गाडी धरली. घरी सांगितलं, ताप येतोय. तुझ्या आज्यानं मला लई डॉक्टर दाखवले." ते हसले. "तुझ्या आईलासुदीक हेच माहीत."

"मग मला कशाला पाठवलंत इथं?" मी विचारलं. मला रागही आला होता.

"मला वाटलं, तुझं जमंल," ते म्हणाले. मग पुडा परत बांधत, "ऱ्हायचं नसंल तर आत्ता चल. पेटी नंतर आणू. मी कुणाला काय सांगत नाय."

सिल्लोडवरून जाणारी गाडी लागली. मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेले. पाय पायरीवर ठेवायचा बाकी होता. कंडक्टर म्हणाला, "चला ताई, चढा नाय तर बाजूला व्हा." मी बाजूला झाले. कशामुळं, ते आजही नीट सांगता येणार नाही. परीक्षा महिन्यावर होती, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. बाबांनी खिडकीतून हात वर केला, "जयभीम" म्हणाले. गाडी गेल्यावर मी परत खोलीवर आले. ताई झोपली होती.

मी त्या वर्षी पास झाले. पुढचीही वर्षं तिथंच काढली. सरांनी नंतर मला बासष्ट नंबरनं प्रश्न विचारले, पण पहिल्यासारखं 'शाब्बास' पुन्हा म्हटलं नाही. मैत्रिणी म्हणाव्यात अशा कुणी झाल्या नाहीत. एक मुलगी माझी जर्नल उतरवून घ्यायला न्यायची आणि परत देताना दोन वाक्यं बोलायची. तेवढ्यावर मी पुष्कळ दिवस काढले.

त्या दिवशी बाबांची गाडी गेली, त्याच संध्याकाळी आईचा फोन आला होता. बाबा अजून पोचायचे होते. तिनं विचारलं, "आज काय-काय झालं? कुणाकुणाशी बोललीस?"

मी सांगायला सुरुवात केली आणि थांबले. मग म्हटलं, "बाबा होते तेवढा वेळ बोलले. एरवी कुणाशीच बोलत नाही, आई. मैत्रीण वगैरे कुणी नाही."

पलीकडं चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज आला. मला वाटलं, ती आता विचारेल की मग इतके दिवस काय सांगत होतीस. तिनं विचारलं नाही. "थांब, भाकर टाकलीय तव्यावर, करपंल," म्हणाली आणि फोन तसाच खाली ठेवला. भाकरी उलटल्याचा, मग भाजल्याचा आवाज मी ऐकत राहिले. परत येऊन ती म्हणाली, "हं, आता ऐक. आज शेळी सुटली आन् सरपंचाच्या ओट्यावर चढून बसली." आणि ते सगळं, शेळी कशी चढली इथपासून कोण-कोण धावलं इथपर्यंत, ती मला सावकाश सांगत बसली.